मेंढ्या गेलेलं गायरान

एप्रिल महिन्यात मी देवरुखहून निघाले तेव्हा अंगणात काजूच्या बिया वाळत होत्या आणि विहिरीला अजून पुरुषभर पाणी होतं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "एवढ्या उन्हात मराठवाड्यात काय काम काढलंस?" मी म्हटलं, "झाडं मोजायची आहेत." त्या हसल्या. झाडं मोजायला कोकणातून कुणी तिकडे जावं हे त्यांना पटणारं नव्हतं, आणि गाडीची वेळ झाल्यामुळे मी समजावूनही सांगितलं नाही. ते आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

झाड वाढतं तेव्हा हवेतला कार्बन वायू ओढून घेतं आणि खोडात, मुळांत साठवून ठेवतं. जगाची हवा तापते आहे ती थोपवायची तर कारखान्यांचा धूर कमी करायला हवाच, पण शेती आणि जंगलही वेगळ्या रीतीने सांभाळायला हवं, असं आता सगळीकडे मानतात. म्हणून आपल्यासारख्या देशांत प्रकल्प आले आहेत. पडीक जमिनीवर झाडं लावायची, ती जगली तर त्यांनी किती वायू अडवला ते काढायचं, आणि त्याचा मोबदला दूरदेशीची एखादी कंपनी देते, त्या बदल्यात तेवढा धूर सोडायची मुभा घेते. हे सगळं खरं आहे की कागदावरचं, ते पाहायला कुणीतरी तिऱ्हाइताने जाऊन मोजावं लागतं. गेली अकरा वर्षं मी ते तिऱ्हाईत आहे.

पुण्यात एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी मी संभाजीनगरला उतरले. बसच्या पाटीवर नवं नाव होतं, कंडक्टर मात्र सवयीने जुनंच नाव पुकारत होता. उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आमच्याकडचं ऊन घाम काढतं, इथलं ऊन घाम फुटायच्या आधीच पिऊन टाकतं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की खोडाचा घेर मोजायची पट्टी असलेली लहान पिशवी बसमध्येच राहिली. मागे वळून स्टँडवर गेले तोवर गाडी निघून गेली होती.

लॉजवरच्या माणसाने एक बादली पाणी दाखवलं आणि म्हणाला, "म्याडम, नळाला आठवड्यानं पाणी येतंय. एवढ्यात भागवा." मी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली आणि पट्टी शोधायला शहागंजला गेले. घड्याळाच्या मनोऱ्याच्या आसपास अत्तराची, बांगड्यांची, भांड्यांची दुकानं होती. झाडं मोजायची पट्टी कुणाकडे असणार? शेवटी शिवणकामाचं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने शिंप्याची कापडी टेप पुढे केली.

"क्या नापना है, बाजी?"

"झाड."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "झाडां को बी कपडे सिला रे क्या अब?" मग जरा थांबून तोच म्हणाला, "सिला दो. इस साल तो सब नंगे हो गए."

तो हसला नाही, म्हणून मीही हसले नाही. शेजारच्या खाणावळीत नान-खलिया (खमिराची रोटी आणि मटणाचा मसालेदार रस्सा) खाल्ला. रस्सा सुरेख होता, मटण मात्र चिवट. मालकाला तसं म्हटलं तर तो ओशाळला. म्हणाला, दुकाळात बाजारात बकरी-मेंढी रग्गड येते, पण अंगावर मांस कुठून असणार? पुढच्या चार दिवसांत मला हे वाक्य पुष्कळदा आठवणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडच्या रस्त्याने पाचोडची गाडी धरली. शहर संपत आलं असं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. उघड्या माळावर चुन्याने रंगवलेले दगड ओळीने पुरले होते, प्लॉटिंगच्या पाट्यांवर हिरव्यागार बागांची चित्रं होती, आणि त्या पाट्यांखाली गवताची एक काडी नव्हती. मग गोदामं लागली, धाबे लागले. आडूळच्या पुढे मोसंबीच्या बागा सुरू झाल्या. लांबून त्या तांबूस दिसत होत्या. जवळ आल्यावर कळलं की पानं झाडावरच वाळली आहेत.

पाचोडला अशोकराव घ्यायला आले होते. प्रकल्पाच्या गावसमितीचे ते प्रमुख. घरची जमीन बरीच, मुलगा शहरात कंपनीत, आणि स्वतः अर्धा आठवडा शहरात, अर्धा गावात. त्यांच्या मोटारसायकलवर बसून आम्ही सात-आठ किलोमीटर आत गेलो. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

वाटेत त्यांनी गाडी थांबवली. एक जेसीबी त्यांची बाग उपटत होता. यंत्राचा पंजा बुंध्याला लागला की झाड फारसा आवाज न करता मुळासकट वर यायचं. बांधाला ढीग लागला होता.

"बारा वर्षांची हाये," अशोकराव म्हणाले. "दोन उन्हाळे टँकरनं जगवली. आता टँकरवाला पण म्हणतो, पाणी नाय."

"लाकूड?"

"वीटभट्टीवाले नेतेत."

बारा वर्षं जे खोडांत साठलं ते भट्टीत एका आठवड्यात धूर होऊन जाणार, हे मी मनात म्हटलं. त्यांना काय सांगणार? ते स्वतःच पुढे बोलत होते. आधी धनगर यायचे, मेंढरं रात्रभर शेतात बसवायचे. लेंडीखत असं पडायचं की दोन साल युरियाचं नाव काढायची गरज नसायची. आता गावात मेंढरूच नाही, सगळं पोत्यातून आणावं लागतं. युरियातूनही हवा तापवणारा वायू सुटतो. ते लिहून घ्यायला मी वही काढली, पण कोणत्या पानावर लिहावं ते कळेना, म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं.

गायरान गावाच्या उत्तरेला होतं. गायरान म्हणजे गावाच्या सगळ्या जनावरांसाठी राखलेली चराईची जमीन. तीन वर्षांपूर्वी तिला तारेचं कुंपण घालून आत कडुलिंब, करंज, शिसव आणि सीताफळाची रोपं लावली होती. फाटकाला कुलूप होतं. आत हिवराच्या एका जुन्या झाडाखाली एक बाई उभ्या होत्या. नेसूचं लुगडं विटलेलं, दंडात चांदीचं कडं, पायांत पुरुषी चपला. किल्ली कमरेला होती. त्यांनी कुलूप काढलं, आम्हाला आत घेतलं आणि लगेच परत लावलं.

"ह्या केराबाई," अशोकराव म्हणाले. "आपल्या राखणदार. समदं त्यांना ठावकी हाये." आणि ते बागेकडे परत गेले.

चार दिवस मी आणि केराबाई दोघीच त्या माळावर होतो. दोरीने चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात लावलेली झाडं मोजायची, त्यांतली जिवंत किती ते पाहायचं आणि बुंध्याशी घेर घ्यायचा. शिंप्याच्या टेपचं एक टोक त्या धरायच्या. पहिल्या चौकोनात वीस खड्डे होते. चार झाडं जिवंत, बाकी काटक्या. दुसऱ्या चौकोनात दोन. एके ठिकाणी वाळलेल्या शिसवीची साल नखाने खरवडून केराबाई म्हणाल्या, "हे बगा, आतून वलं हाये जरा." ते ओलं नव्हतं. मी तरी परत खरवडून पाहिलं, कारण त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या.

झाडांच्या मधे मात्र गवत होतं. गुडघ्याएवढं, वाळून सोन्यासारखं झालेलं, कुणी तोंड न लावलेलं. चालताना त्याची कुसळं साडीत घुसून पोटऱ्यांना टोचायची. तारेच्या पलीकडे जमीन भाजलेल्या खापरासारखी उघडी पडली होती.

फाटकाजवळ पाच-सहा लिंब चांगले हिरवे होते. केराबाईंनी ते मला सगळ्यांत शेवटी दाखवले. घरचं भांडी धुतलेलं पाणी त्या रोज डोक्यावरून आणून त्यांना घालत होत्या. "टँकर बंद झाला तव्हा इचार केला, समदी तर जगत नाय, हेवढी तरी धरू." मी प्रत्येकाचा घेर दोनदा घेतला. मोजणीच्या नियमाने ते माझ्या चौकोनांत येत नव्हते. ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुपारी आम्ही हिवराखाली जेवायचो. त्यांची ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसाला-पिठाची पातळ आमटी), माझी पाचोडच्या लॉजवरची चपाती-भाजी. दोन दिवस त्यांनी माझी भाजी खाल्ली आणि मी त्यांची आमटी. तिसऱ्या दिवशी मी जनावरांचं पान काढलं.

हे पान सांगायला हवं. मेंढ्या रवंथ करतात, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या ढेकरातून मिथेन नावाचा वायू बाहेर पडतो. तो कार्बन वायूपेक्षा हवा जास्त तापवतो. म्हणून प्रकल्पात झाडांबरोबर जनावरंही मोजतात. गावात आधी मेंढ्या किती होत्या, आता किती आहेत. कमी झाल्या असतील तर तेवढं प्रकल्पाच्या जमेला धरतात.

"आधी मेंढ्या कुणाकडे होत्या?" मी विचारलं.

"आमच्याच व्हत्या. गावात धनगराचं घर आमचंच ऱ्हायलं व्हतं."

"आता?"

"एक बी नाय."

मी लिहिलं. मग विचारलं, "का गेल्या?" ते पानावर विचारलेलं नव्हतं.

केराबाईंनी भाकरी खाली ठेवली. "लगीन झालं तव्हापासून मेंढरामागं हिंडले, ताई. दिवाळी झाली की निघायचं ते मिरगाला (मृग नक्षत्रावर, जूनच्या सुरवातीला) माघारी यायचं. बिऱ्हाड घोड्यावर. पोरगी बी वाटंतच झाली. तिचं लगीन झालं, आन् मला वाटलं, आता बास. मला निस्तं एक दार पाहिजे व्हतं. सांजच्याला लावलं की लागलं, असं. मंग हे तारेचं काम निघालं. राखणीला बाईमाणूस पाहिजे म्हणले. मी व्हय म्हणले. मालकाला इचारलं नाय."

मालक म्हणजे त्यांचा नवरा, दगडू.

"ते काय म्हणाले?"

"काय नाय म्हणले. आठ दिस बोलले नाय, मंग बोलायला लागले. पहिल्या साली पाऊस बरा व्हता, बाहीर चारा व्हता. काही वाटलं नाय कुणालाच." त्या तारेकडे पाहत होत्या. "गेल्या साली पावसानं दडी मारली ती मारलीच. कार्तिकात बाहीर काडी नव्हती. आत तर बगताच तुमी. एक दिस सकाळी ते मेंढरं घेऊन फाटकाशी आले. म्हणले, केरे, कुलूप काढ. दोन दिस चरू दे. झाडाला तोंड लावू देणार नाय, मी पुढं उभा ऱ्हातो."

"मग?"

"मी म्हणले, एक जनावर आत दिसलं तर राखण बंद व्हईल, आन् गावाचं काम बी जाईल. साहेब लोकांनी समद्यांपुढं तसं सांगितलं व्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नाय. तितंच उभे ऱ्हायले, ऊन कलस्तोवर. मेंढरांनी तारेतून तोंडं घातली. जेवढं घावलं तेवढं खाल्लं. मी ह्याच झाडाखाली बसले व्हते, किल्ली कमरेलाच व्हती. मंग ते गेले. तारेला लोकर अडकलेली, ती मी दुसऱ्या दिशी बसून काढली."

त्या आठवड्यात दोन गाभण मेंढ्या बसल्या त्या उठल्या नाहीत. उरलेला कळप दगडूने पाचोडच्या बाजारात नेला. तिथून तो घरी आलाच नाही, शहराची गाडी धरली. आता मुकुंदवाडीला एका नव्या इमारतीवर वॉचमन आहे, एवढंच केराबाईंना गावातल्या कुणाकडून कळलं होतं. फोन केला तर उचलत नाही.

"तुम्हाला वाटतं का कधी, काढायला हवं होतं कुलूप?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"झाडं जगली असती तर नसतं वाटलं," त्या म्हणाल्या, आणि उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली.

त्या संध्याकाळी प्रकल्पाच्या साहेबांचा फोन आला. झाडांचा आकडा पडणार हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "मेंढ्यांचा कागद तेवढा नीट करून आणा. आधी जो माणूस तिथे चारायचा त्याचा अंगठा घ्या. त्यावर वर्षभर तग धरता येईल, राखणदारांचं कामही चालू राहील." कागद माझ्याकडे होताच. त्यावर छापलं होतं की प्रकल्पाचा फायदा पटल्यामुळे मी स्वखुशीने मेंढ्या कमी केल्या आहेत.

निघायच्या दिवशी केराबाई रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. मी मुकुंदवाडीला जाणार हे त्यांना सांगितलं होतं. त्यांनी काही दिलं नाही, निरोपही सांगितला नाही. गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाल्या, "बाजाराच्या दिशी टेम्पोत मेंढरं चढवताना त्यांचा पाय मुरगळला व्हता म्हणं. आता कसाय, तेवढं बगा."

मुकुंदवाडी शहराच्या पूर्वेला, लहानसं रेल्वे स्टेशन असलेली वस्ती. मुख्य रस्त्यावर दुकानांची दाटी आणि मागे, जिथे काही वर्षांपूर्वी ज्वारी डोलायची म्हणतात तिथे, सात-सात मजली इमारती उठताहेत. तीन ठिकाणी विचारत गेल्यावर दगडू सापडले. अंगात सिक्युरिटीचा निळा शर्ट, खाली धोतर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. वाळूच्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मागे पत्र्याची खोली, शेजारी पाण्याचं मोठं टाकं, आणि ते पाणी शेवटच्या गिलाव्यावर मारलं जात होतं.

मी कोण ते सांगितलं. त्यांनी उठून मला खुर्ची दिली आणि स्वतः विटांवर बसले. तेव्हा ते थोडे लंगडतात हे दिसलं. टपरीवरून चहा मागवला. गावाकडचा पाऊस, टँकर, अशोकरावांची बाग, सगळं विचारलं. केराबाईंबद्दल विचारलं नाही.

मी कागद वाचून दाखवला.

"स्वखुशीनं," ते म्हणाले. "मेंढरं कमी झाली म्हंजी कशी? माझी कमी झाली. मेंढरं हायेत की. अंबडकडल्या एका माणसानं घेतली बाजारात. तिकडं चारा हाये. मी फोन करतो त्याला मधून मधून. काळ्या कानाची एक व्हती, तिला जुळं झालं."

मी त्यांना ढेकरांचं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील किंवा चिडतील. त्यांनी मान डोलावली. "असंल. दाटीनं बसली की उग्र दरवळ येतो, ते ठावकी हाये मला. पण मंग ती अंबडला बी ढेकर देतच असतील."

"हो."

"मंग ह्या कागदात ते कसं बसतं?"

"बसत नाही," मी म्हटलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. वर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी खिळे ठोकत होतं. आवाज थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हा अंगठा नाय दिला तर केराचं काम जाईल?"

"बहुतेक जाईल. आणि दिला तरी राहीलच असं मी सांगू शकत नाही."

"पण ऱ्हायलं तर ऱ्हाईल."

"हो."

"द्या शाई," ते म्हणाले.

मी डबी उघडली. त्यांनी अंगठा टेकवून कागदावर दाबला, नीट, सावकाश, ठसा फाटू नये म्हणून. शाईचा अंगठा त्यांनी विटेला पुसला.

"तुम्ही रागावला आहात का त्यांच्यावर?"

"राग पहिल्या दिशी व्हता. तिनं नियम पाळला. मी मेंढरं इकली, बापाच्या हातची मेंढरं. आता फोन वाजतो तव्हा काय बोलावं ते सुचत नाय, म्हून उचलत नाय." मी उठले तेव्हा तेही उठले. "हे अंगठ्याचं तिला सांगू नका, ताई. सांगायचं असलं तर मी सांगीन."

मी बरं म्हटलं. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मुकुंदवाडी स्टेशनवर पॅसेंजरला वेळ होता. तिने एक स्टेशन पुढे जाऊन मोठ्या स्टेशनावर मुंबईची गाडी धरायची होती. फलाटावर उभी राहून मी केराबाईंना फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"पाय बरा आहे," मी म्हटलं. "थोडं लंगडतात, पण चालतात नीट. तब्येत चांगली आहे." इमारत कुठे आहे त्याच्या खुणाही मी सांगितल्या.

"आन् काय म्हणले का?"

"नाही. खास काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

गाडीत मी तो कागद मांडीवर घेऊन बसले. या कामात खोट्या सह्या मी खूप पाहिल्या आहेत. त्या घेणाऱ्यांच्या फायद्याच्या असतात. हा ठसा खोटा होता आणि तो देणाऱ्याला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. तो तसाच पुढे पाठवला असता तर केराबाईंना वर्षभर काम मिळालं असतं आणि दूर कुठेतरी एका कारखान्याला वाटलं असतं की पाचोडजवळच्या मेंढ्यांच्या बदल्यात आपण तेवढा धूर सोडू शकतो. तो धूर खरा असता. खोट्या आकड्याने हवा थंड होत नाही, हे मला माहीत होतं आणि तेच पाहायला मला पाठवलं होतं. दोन-तीन स्टेशनं गेल्यावर मी पेन काढलं आणि ठशाखाली माझ्या अक्षरात लिहिलं: मेंढ्या कमी झालेल्या नाहीत, दुसऱ्या तालुक्यात विकल्या गेल्या आहेत. दुष्काळात कळपाला कुंपणाच्या आतला चारा न मिळाल्यामुळे त्या विकाव्या लागल्या. ते लिहून झाल्यावर मला थोडं समाधानही वाटलं.

पावसाळ्याच्या आधी प्रकल्प गुंडाळला. अशोकरावांनी फोन करून सांगितलं. ते चिडलेले होते, पण मला वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "तुमचं काम तुमी केलं."

श्रावणात केराबाईंचा फोन आला. देवरुखला तेव्हा दिवसभर पाऊस चालू होता आणि मी दार लावून आत बसले होते. त्यांचा आवाज पहिल्याने ओळखू आला नाही. काम सुटल्यावर त्या दोन महिने पोरीकडे राहिल्या आणि मग मनाचा हिय्या करून मुकुंदवाडीला गेल्या. मी सांगितलेल्या खुणांवरून इमारत सापडली. तिथे लोक राहायला आले होते, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. वाळू नव्हती, पत्र्याची खोली नव्हती. नव्या वॉचमनला काही माहीत नव्हतं. कुणी म्हणालं, ठेकेदाराने जुन्या माणसांना पुण्याकडच्या कामावर नेलं, कुणी म्हणालं, सुरतेला. फोन लावला तर हा नंबर बंद आहे असं सांगत होता.

"ताई," त्यांनी विचारलं, "तुमी गेल्ता त्या दिशी ते खरंच काय म्हणले नव्हते का?"

मग मी सांगितलं. अंगठ्याचं, तो देण्याआधी त्यांनी काय विचारलं त्याचं, फोन का उचलत नाहीत त्याचं.

"हे मला तव्हा कळलं असतं," केराबाई म्हणाल्या, "तर मी त्याच दिशी गाडी धरली असती."

त्या रागावल्या नव्हत्या. पैठणकडे दोन सरी पडल्या हेही त्यांनी सांगितलं, आणि माझ्याकडचा पाऊस विचारून फोन ठेवला. त्या ठेकेदाराचा पत्ता मी अजून शोधते आहे. चार जणांना फोन केले, एकाने नाव कळवतो म्हटलं आहे.

माझ्या अहवालात एकही ओळ खोटी नव्हती. तो मी आजही कुणालाही दाखवीन. खोटं मी बोलले ते फक्त केराबाईंशी, मुकुंदवाडीच्या फलाटावर उभी राहून, आणि त्याला अर्धा मिनिटही लागलं नाही.